एका तांदळाची किंमत

१९९६ साली यांची बदली लखनऊला झाली. पहिल्याच महिन्यात मी चौकातल्या एका दुकानातून पांढऱ्या मलमलीचा चिकनचा कुर्ता आणला. दुकानदाराने सहाशे सांगितले होते, मी साडेतीनशेला पटवला. आठवडाभर जो भेटेल त्याला हा पराक्रम ऐकवत होते.

आमच्या मागच्या गल्लीत चिकनचे काम करणाऱ्या एक आपा राहत. त्यांनाही ऐकवला. त्यांनी कुर्ता हातात घेतला, फुलांवरच्या उठावदार दाण्यांवरून बोट फिरवले आणि एवढेच म्हणाल्या, "मुर्री अच्छी है, भाभी."

शाळेत असताना साखळी टाका, गाठीचा टाका मी शिकले होते. त्यामुळे सहज म्हटले, "मलाही शिकवा ना!"

दुसऱ्या दिवसापासून यांचा जुना रुमाल घेऊन बसले. कापडावर एक बारीक टाका घालायचा आणि त्याच टाक्यावर, किंचित तिरका, धागा पुन्हा पुन्हा चढवत राहायचे. तांदळाच्या दाण्यासारखा उठाव आला की झाली मुर्री. त्याहून लहान, बाजरीच्या दाण्याएवढा आणि गोल आला तर तो फंदा. ऐकायला किती सोपे! धागा जरा जास्त ओढला की मलमल चुरगळायची, सैल सोडला की दाण्याचा गोळा व्हायचा. दहा मिनिटांत माझा एक दाणा, तोही वाकडा. आपा बोलता बोलता ओळीने दाणे उठवत.

चार दिवसांनी न राहवून मी माझ्या कुर्त्यावरचे दाणे मोजायला बसले. नुसत्या गळ्यावरच दोनशेच्या वर भरले. पुढे मोजवेना.

"आपा, याचे तुम्हाला काय मिळते?" मी विचारले.

"ठेकेदार नगावर मजुरी देतो, दाण्यावर नाही," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक दुकानदाराचा भाव पाडते, दुकानदार ठेकेदाराचा पाडतो आणि ठेकेदार आमचा. आमच्या खाली कुणी नाही."

आवाजात राग नव्हता. सुई चालूच होती. माझी मात्र मान खाली गेली. अडीचशे रुपये मी दुकानदाराकडून वाचवले, असे मला वाटत होते!

२००८ साली लखनऊच्या चिकनकारीला भौगोलिक मानांकन मिळाले. आज बाजारात मशीनवरची नक्कलही भरपूर दिसते. मी भाजी घेताना अजूनही घासाघीस करते, नाही असे नाही. पण हाताने भरलेली मुर्री दिसली की आधी दाणे मोजते, मग किंमत विचारते. बहुतेक वेळा पुढे काही बोलवत नाही.

तो रुमाल अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर एकोणीस दाणे आहेत. एक आपांनी दाखवायला घातलेला, बाकी माझे. त्यांचा कुठला, ते कुणाला सांगावे लागत नाही.