शिवणीचं हरिकेन

माझ्या कपाटात शिवणीच्या लाकडाचं एक विमान आहे. वीतभर लांब, पंख्याचं एक पातं मोडलेलं. मिस्त्रीकाकांनी ते १९७७ च्या पावसाळ्यात भामरागडला कोरलं. त्याच पावसाळ्यात मी ते बिघडवलं, आणि बिघडवलं हे कळायला मला पस्तीस वर्षं लागली.

वडील तिथे वनखात्याच्या डेपोत कारकून होते. मी दहा वर्षांचा. गडचिरोली जिल्हा व्हायचा होता, आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातलेच. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या कुशीत गाव. पर्लकोटा चढली की आलापल्लीचा रस्ता बंद, टपाल बंद, रॉकेल जपून. मिस्त्रीकाकांची धान भरडायची गिरणी होती. डिझेल पुरवायचं म्हणून तीही अशा दिवसांत थांबायची. मग काका गिरणीच्या पडवीत बसून चाकूने लाकूड कोरायचे. साग त्यांना कोरायला नको असायचा. शिवण हलकी, वाळली की वाकत नाही आणि चाकूला मऊ लागते.

काका चिमूरकडचे. १९४२ च्या ऑगस्टात चिमूर पेटलं, आणि दुसऱ्याच वर्षी हे इंग्रजांच्या विमानदळात फिटर म्हणून भरती झाले. त्यावरून गावात बोलणी खाल्ली. एकदा वडिलांनी विचारलंच. काका कोरता हात न थांबवता म्हणाले, "घरी सहा तोंडं होती बाबू. आन् ज्यायच्या विमानाले मी हात लावला, ते आपलेच पोट्टे होते." वडिलांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

मला विमानांचं वेड लागलं ते एका जुन्या मासिकातल्या चित्राने. स्पिटफायर. वळण घेतलेलं, पोट आकाशाकडे, आणि पिंपळपानासारखे टोकाला निमुळते होत गेलेले ते पंख. मी चित्र घेऊन धावत गिरणीवर गेलो आणि म्हणालो, मला हे करून द्या. काकांनी चित्र बराच वेळ बघितलं. "देखणी हाय," म्हणाले. "म्या हिच्या शेपटीवर बसलो हावो." मला थट्टा वाटली. पण ते खरंच होतं. स्पिटफायरचं नाक लांब आणि जड. जमिनीवर इंजिनाचा जोर वाढवला की ती नाकावर पडायची भीती, म्हणून एकदोन जण शेपटीवर पालथे पडून तिला दाबून धरायचे. वैमानिकाला नाकापुढचं काही दिसायचं नाही, तो नागमोडी चालवत धावपट्टीपर्यंत न्यायचा. त्यातही घाई करावी लागायची, कारण जमिनीवर वारा लागत नाही आणि आपल्याकडच्या उन्हात इंजिनाचं पाणी उकळायला लागतं. चाकं एकमेकांच्या जवळ, बाहेरच्या बाजूला मिटणारी. खडबडीत पट्टीवर उतरताना ती एका कुशीवर कलायची.

"मंग चांगलं कोनतं?" मी विचारलं.

त्यावर त्यांनी मला जे दाखवलं, ते मी आयटीआयमध्ये शिकवताना दर वर्षी मुलांना सांगत आलो आहे. हरिकेन १९३५ च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा उडालं, स्पिटफायर १९३६ च्या मार्चमध्ये. दोघांच्या पोटात एकच इंजिन, रोल्स-रॉइसचं मर्लिन, बारा सिलिंडरचं, २७ लिटरचं. तरी स्पिटफायर ताशी पन्नासएक किलोमीटरने पुढे. काकांनी शिवणीच्या दोन पट्ट्या माझ्या हातात दिल्या, एक जाड, एक पातळ, आणि पडवीच्या बाहेर धो धो पडणाऱ्या पन्हाळीच्या धारेत धरायला लावल्या. जाड पट्टीने पाणी माझ्या तोंडावर उडालं. पातळ पट्टी धार कापत राहिली. "हे हरिकेनचा पंख, हे स्पिटफायरचा," ते म्हणाले. त्या दिवशी मनगटाला जो फरक जाणवला, तो पुढे कुठल्याही पुस्तकाने मला इतका नीट समजावला नाही.

पण त्याच जाड पंखात एका बाजूच्या चारही बंदुका शेजारी शेजारी बसायच्या. स्पिटफायरमध्ये त्या पंखभर विखुरलेल्या. जाड पंखाच्या हरिकेनची चाकं आतल्या बाजूला मिटायची, म्हणून उघडल्यावर ती लांब लांब असत आणि चिखलाच्या पट्टीवर विमान ठाम उतरे. मागचं अंग लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यावर ताणलेलं कापड. गोळी आरपार गेली तर फिटर-रिगर कापडाचं ठिगळ लावून वर डोप फासायचे, आणि विमान सकाळी परत हवेत. स्पिटफायरचा पत्रा फाटला तर काम वाढायचं. १९४० च्या इंग्लंडवरच्या हवाई लढाईत नाव स्पिटफायरचं झालं, पण जर्मनांची जेवढी विमानं पडली, त्यांतली निम्म्याहून जास्त हरिकेननी पाडली. आणि १९४४ मध्ये इंफाळला अर्जनसिंग यांची एक नंबरची स्क्वाड्रन ज्यावर लढली, तेही हरिकेनच. तोवर युरोपात हरिकेन जुनं झालं होतं. आपल्या मुलांच्या वाट्याला ते आलं आणि त्यांनी ते निभावलं, याचा काकांना अभिमान होता. मलाही आहे.

जपान्यांच्या झिरोबद्दल ते आदराने बोलायचे. इंजिन हजार अश्वशक्तीच्याही आतलं, रिकामं वजन पावणेदोन टनांच्या आसपास, हरिकेन अडीच टनांचं. म्हणून झिरो पाखरासारखं वळायचं आणि लांबवर जायचं. त्याच्या मागे वळायला गेलं तर मरण. सूर मारून निसटायचं, एवढंच हरिकेनच्या हातात. पण हलकेपणासाठी जपान्यांनी वैमानिकाच्या पाठीमागचं पोलाद वगळलं, इंधनाच्या टाकीला गोळी लागली तर ती मिटावी असं अस्तर घातलं नाही. "पोराले उघडा पाठवला," काका म्हणायचे. त्यांच्या तोंडून शत्रूच्या वैमानिकासाठी 'पोरगा' हा शब्द ऐकून मी चमकलो होतो.

अमेरिकनांच्या मस्टँगमध्येही पुढे मर्लिनच बसवलं आणि ते इंग्लंडहून बर्लिनपर्यंत जाऊन येऊ लागलं. एकच काळीज तीन अंगांत, काका म्हणायचे. त्यांचं स्वतःचं प्रेम मात्र टेंपेस्टवर होतं. आपल्या वायुसेनेने १९४७ ला काश्मिरात स्पिटफायरसोबत ती वापरली. तिचं सेंटॉरस इंजिन अठरा सिलिंडरचं, ५३ लिटरचं, आणि त्यात व्हॉल्व्हच नाहीत. सिलिंडरच्या आत एक नळी सदऱ्याच्या बाहीसारखी वरखाली फिरते आणि तिच्या भोकांतून हवा आत-बाहेर होते. गिरणीच्या इंजिनाचं हेड उघडून व्हॉल्व्ह दाखवत काका म्हणायचे, "हे सारं तिथं नाही. बाहीच सारं करते." तेव्हा त्यांचे डोळे चमकायचे. काश्मीरच्या लढाईत महावीर चक्र मिळवलेले हृषिकेश मुळगावकर १९७७ ला वायुसेनेचे प्रमुख होते. आठवड्याने येणाऱ्या वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला की काका तो कापून गिरणीच्या भिंतीला लावायचे.

तर मी स्पिटफायर मागितलं आणि काकांनी हरिकेन कोरून दिलं. "पयले हे समज," एवढंच म्हणाले. मी हिरमुसलो. त्यातून मागच्या अंगावर चाकूच्या लांबच लांब ओळी राहिल्या होत्या, नाकापासून गुळगुळीत येत येत मध्येच खरबरीत. काकांनी काम अर्धवट टाकलं असं मी समजलो. घरी जाऊन पॉलिश पेपरने दोन दिवस घासून त्या ओळी पार काढल्या, आणि मोठ्या हौसेने विमान त्यांना दाखवायला नेलं. काकांनी पाठीवरून अंगठा फिरवला. "गुळगुळीत झालं," म्हणाले. मग माझा हात उलटा करून बोटं बघितली. घासून घासून सोलवटली होती. ते आत गेले, कानस आणली आणि लोखंडाची पट्टी शेगड्यात आवळून मला कानस कशी धरायची ते शिकवलं. दोन्ही हात, खांदा सैल, पुढे जाताना दाब, मागे येताना नाही. आजतागायत मी तसाच कानस धरतो.

वडिलांच्या मनात मला कारकून करायचं होतं. दहावीनंतर काका स्वतः आमच्या घरी आले, वडिलांसमोर बसले आणि मला चंद्रपूरच्या आयटीआयला पाठवा म्हणाले. त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं मला तेवढंच एक आठवतं. ते गेले तेव्हा पर्लकोटा चढलेली होती. मला कळेपर्यंत तेरावं होऊन गेलं होतं.

२०१२ ला मी दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात गेलो. आधी काकांची टेंपेस्ट बघितली, त्यांच्या वतीने. स्पिटफायरजवळ लोक फोटो काढत होते, मीही थांबलो; तिच्याइतकं देखणं लढाऊ विमान झालं नाही, असं मला अजून वाटतं. मग हरिकेनकडे गेलो. खाली वाकून चाकं बघितली, लांब लांब, ठाम. उठताना नजर मागच्या अंगावर गेली. नाकाकडून गुळगुळीत येणारं अंग मध्येच बदलत होतं, आणि तिथून शेपटीपर्यंत कापडाखालच्या लाकडी पट्ट्यांच्या ओळी उठून दिसत होत्या. बरगड्यांसारख्या. मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. मुलीने विचारलं, बाबा, काय झालं? मला सांगता आलं नाही.

घरी आल्यावर विमान कपाटातून काढलं, पेन्सिलीने त्याच्या पाठीवर ओळी आखल्या, चाकूला धार लावली. चाकू टेकवला. हात पुढे गेला नाही. त्या पेन्सिलीच्या ओळी अजून तशाच आहेत.