लवंगेच्या दातांची मगर

जुन्नर-आंबेगावात पाहुणा आला की ताटात मासवडी येते. नाव माशाचं, पण आत माशाचा काटाही नाही. बेसनाच्या मऊ आवरणात तीळ, सुकं खोबरं, लसूण आणि सोबत झणझणीत रस्सा. परवा त्या रस्स्यातली लवंग दाताखाली आली आणि मला एक मगर आठवली.

तिचं नाव सिमोसुकस. डायनासोरांच्या अखेरच्या काळातली ही मगरींची नातलग. मादागास्करात तिची हाडं मिळाली आणि २००० साली तिचं बारसं झालं. लांबी जेमतेम पाऊण मीटर, म्हणजे दाराच्या उंबऱ्याएवढी. थोबाड आखूड, बोथट, अंगावर हाडांच्या खवल्यांचं चिलखत. आणि दात? थेट लवंगेसारखे: मुळाशी निमुळते, माथ्याशी रुंद, कंगोरेदार. असले दात मांस फाडायच्या कामाचे नाहीत, पाला खुडायच्या कामाचे. म्हणून अभ्यासक तिला शाकाहारी मानतात. मगरींमधली मासवडीच की!

तिच्याच धाटणीचा दात तमिळनाडूत कल्लमेडूच्या खडकांतही सापडला. भारत आणि मादागास्कर एके काळी एकाच भूखंडाचे भाग होते, सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी त्यांच्या वाटण्या झाल्या. भाऊबंदकी तुटली, तरी चेहरेपट्टी राहतेच.

मग ती आपल्याकडेही रांगली असेल? नाणेघाटात उभं राहून विचारलं, तर काळा कातळ गप्प. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर चढले. त्यांतल्या एका थरसमूहाला भूवैज्ञानिकांनी भीमाशंकरचंच नाव दिलंय. तापल्या रसात हाडं कुठली टिकायला? आणि त्याआधीची जमीन तर खोल तळाशी झाकून गेली. लाव्हा जिथे पातळ, तिथेच ती डोकावते. चंद्रपूरकडे पिसदुऱ्याला डायनासोरांची विष्ठा दगड होऊन राहिली. तिच्यात गवताचे सूक्ष्म अंश मिळाल्याचं २००५ मध्ये जाहीर झालं. म्हणजे चारा होता, चरणारे होते. आपल्या तालुक्यांतली पंगत तेवढी कातळानं झाकून ठेवली. त्याच कातळात पुढे माणसांनी लेण्याद्रीची लेणी कोरली. पण छिन्नी काही त्या तळापर्यंत पोचली नाही.

हल्ली घोडेगावच्या बाजारात लवंग घेताना चार दाणे तळहातावर घेऊन मी निरखत बसतो. दुकानदाराला वाटतं, गिऱ्हाईक माल पारखतंय.