संध्याकाळचा भैरव

रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला मला क्षणभर पारोसं वाटतं. आंघोळ व्हायची आहे, देवाला फुलं काढायची आहेत, दूधवाला येऊन गेला की काय, असं काहीतरी. मग भानावर येते. मांडीवर तपासायच्या वह्या असतात, बंगळुरूतल्या जे. पी. नगरच्या सहाव्या फेजमधल्या आमच्या गल्लीतून भाजीची गाडी दिवसाची शेवटची आरोळी देत निघालेली असते, उन्हाची एक तिरकी पट्टी गॅलरीतल्या दोरीवरच्या कपड्यांवरून सरकत असते, आणि वरच्या मजल्यावर सात-आठ वर्षांची एक मुलगी सरळे वरसे घोकत असते. रिषभ कोमल, धैवत कोमल, बाकी सारे शुद्ध. तिच्या लेखी तो मायामाळवगौळ, पुरंदरदासांपासून चालत आलेला कर्नाटक संगीताचा पहिला धडा. सा रे ग म आणि प ध नी सा, दोन्ही अर्धे जुळ्या भावांसारखे. एक गळ्यावर चढला की दुसरा आपोआप येतो. लहान मुलांच्या हाती पहिल्यांदा हाच द्यावा, यात मोठं शहाणपण आहे.

पण माझ्या कानाला तो भैरव. आणि भैरव म्हणजे पहाट.

बाबा रेल्वेत होते, मिरज जंक्शनवर. रात्रपाळी असली की उजाडता उजाडता घरी येत, हातपाय धूत आणि आत न येता ओसरीवरच तानपुरा घेऊन बसत. गळा यथातथाच. पण भैरवाच्या त्या कोमल रिषभावर ते असे झुलत राहत, की जणू उजाडायला त्यांचीच परवानगी लागणार होती. बंबातल्या गोवऱ्यांचा धूर, ओल्या सारवणाचा वास, पांघरुणाबाहेर राहिलेल्या पावलांना लागणारी थंडी, आणि या सगळ्याच्या मधोमध तो रिषभ. आई आतून विचारायची, ‘पाणी तापलंय, येताय ना?’ ते यायचे नाहीत.

हाकेच्या अंतरावर सतारमेकरांची गल्ली होती. माळ्यावर पंढरपूरकडचे भोपळे टांगलेले, खाली भुसा आणि लाखेचा वास. जवारी उतरली की बाबा तानपुरा तिथे नेत आणि मी मागोमाग. तिथले चाचा कानशीने घोडी घासत, तार छेडत, पुन्हा घासत. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत. केसभर पुढे, केसभर मागे. आणि एका जागी तार एकदम बोलायला लागे, बंद खोलीची खिडकी कुणी ढकलून उघडावी तशी. चाचा माझा गाल भोपळ्याला टेकवत.

‘गंधार आला?’

‘कोण वाजवतंय?’

‘कोणी नाही. तरी हाय का बघ.’

होता. खर्जाची तार आपल्या मूळ कंपनाच्या पाचपटीने जे बोलते तोच तो गंधार, हे पुढे पुस्तकात वाचलं, आता विद्यापीठात शिकवतेही. पण मला तो आधी गालाला कळला होता.

माझ्या विषयाचं वेळापत्रकातलं नाव ‘संगीतशास्त्र आणि स्वरज्ञान’. पहिल्या तासाला मी काहीच वाजवत नाही. खिडकीबाहेरच्या ट्रान्सफॉर्मरचा सूर ओळखा, एवढंच म्हणते. आपली वीज 50 हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तिच्या दुपटीने, म्हणजे 100 वर; पेटीवर तो पांढरी पाच आणि काळी चार यांच्यामधल्या फटीत कुठेतरी पडतो. गिटारवाली मुलं वैतागतात. त्यांना सगळं पट्टीत बसलेलं हवं असतं. मग फळ्याशी भांडण. सा च्या लगतच्या स्वराला मी कोमल रिषभ लिहिते, निम्मा वर्ग त्याला शुद्ध रिषभ म्हणतो. माझा शुद्ध रिषभ तो त्यांचा चतुःश्रुती, आणि एखाद्या मेळात तोच शुद्ध गंधार होऊन बसतो. सुरुवातीला मी हिरीरीने वाद घातले. आता दोन्ही नावं लिहिते आणि खडू खाली ठेवते.

भातखंडे 1904 मध्ये दक्षिणेत हिंडले, व्यंकटमखींच्या 72 मेळांची मांडणी त्यांनी पाहिली आणि त्या धर्तीवर पुढे आपल्यासाठी दहा थाट बांधले. हे शिकवताना माझा आवाज जरा चढतो. आपल्या घरच्या माणसाबद्दल बोलावं तसा. कोमल रे-ध आणि शुद्ध ग म्हणजे संधिप्रकाश. उजाडतंय की मावळतंय ते मध्यम सांगणार, शुद्ध असला तर सकाळ, तीव्र असला तर संध्याकाळ. भातखंड्यांनी त्याला अध्वदर्शक म्हटलं. वाटाड्या. किती वर्षं मी हे निःशंकपणे सांगत आले!

गेल्या पावसाळ्यात मंगळुरूकडची एक मुलगी म्हणाली, ‘मॅम, आम्ही हे शाळेतून आल्यावर म्हणायचो. हे सूर ऐकले की मला दप्तर टाकल्यासारखं वाटतं. भूक लागते.’

वर्ग हसला. मला पटकन हसता आलं नाही. आमच्याकडेही भैरव थाटातली गौरी संध्याकाळीच गातात, हे उत्तर जिभेवर आलं होतं. पण ते पुस्तकातलं होतं, आणि तिची भूक खरी होती. माझी पहाट तरी त्या रिषभात कुठे होती? ती ओसरीवर होती, बंबाच्या धुरात होती. तिला त्याच स्वरात तळलेल्या कशाचा तरी वास येत असणार, सुट्ट्या वेण्या, पायातून भिरकावलेले बूट. कान घडवायचा म्हणून मी जे शिकवते, ते या कानांवर आधीच कोण कोण लिहून गेलेलं असतं.

बाबा गेले त्याच्या आदल्या वर्षी माझ्याकडे आले होते. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने, रात्रभर बसूनच. झोप अशी उरलीच नव्हती. ऐकायला कमी येत होतं. संध्याकाळी गॅलरीत आरामखुर्चीत त्यांचा डोळा लागला. वरच्या मजल्यावर इलेक्ट्रॉनिक तानपुरा सुरू झाला (हे यंत्रही याच शहरात 1979 मध्ये जन्मलं, बाबा त्याला ‘बिनभोपळ्याचा’ म्हणत). मग त्या मुलीचा आवाज. संथ लयीत, एकेक स्वर ठेवत. रिषभावर ती झुलत नव्हती, सरळ पाय देऊन पुढे जात होती. बाबांची बोटं खुर्चीच्या हातावर हलली. डोळे न उघडताच ते म्हणाले,

‘पाणी तापलं का गं?’

समोर दिवे लागले होते. रागीगुड्ड्याकडच्या आभाळात थोडासा लाल रंग उरला होता. मी काही बोलले नाही. आत जाऊन गीझर लावला. वर ती निषादाशी अडखळून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.