निकोल कुक, सिंगल कॉलम

14 जानेवारी 2013, सोमवार

डेस्कवर तिळगुळाचा डबा फिरतोय. लाडू फुटता फुटत नाहीत.

संध्याकाळी एजन्सीवर बातमी आली. निकोल कुक निवृत्त. वय 29. 2008च्या ऑलिम्पिकमध्ये रोड रेसचं सुवर्ण. सर म्हणाले, "सायकलवाली ना? सिंगल कॉलम घे." घेतली. फोटो बीजिंगचा, भर पावसातला. फिनिश लाइनवर तोंड उघडून ओरडतेय. त्याला जागा नव्हती.

15 जानेवारी

तिचं निवेदन घरी येऊन सगळं वाचलं. केवढं लांब! निवृत्तीच्या वेळी आईवडिलांचे आणि प्रायोजकांचे आभार, झालं, एवढंच ऐकायची सवय. हिने सगळंच बाहेर काढलंय. एकोणिसाव्या वर्षी इटलीत संघाच्या घरी राहायला गेली. फ्रिज उघडला तर आत औषधं. ती हलवायला लावली. पुढे शर्यतीच्या वेळीही संघातले घे म्हणाले. नाही घेतली.

डोपिंग केलेल्या सायकलपटू टायलर हॅमिल्टनबद्दल म्हणते, आपण लबाडी कशी केली हे सांगणाऱ्या पुस्तकावर तो जेवढे पैसे करेल, तेवढे मला इतक्या वर्षांच्या प्रामाणिक मेहनतीतून मिळणार नाहीत.

हे हेडिंग व्हायला हवं होतं. पण आज कोचीत भारत 127 धावांनी जिंकला. धोनी, जडेजा. पान तिथेच भरलं.

16 जानेवारी

रविवारच्या पानासाठी विचारलं. सर खुशीत होते. "अर्धं पान घे."

टिपणं: जन्म स्वानसीचा, 1983. वाढली विक नावाच्या वेल्समधल्या खेड्यात. शाळेत सायकलनेच. मुलींसाठी ट्रॅकच्या राष्ट्रीय स्पर्धा नव्हत्या. त्या व्हाव्यात म्हणून शाळेत असतानाच मागे लागली. 1999, वय 16, मोठ्या बायकांना हरवून ब्रिटनची राष्ट्रीय विजेती. असे दहा किताब. 2004ला इटलीची जिरो, वय 21. तोवर कुठल्याही ब्रिटिश सायकलपटूला, पुरुषाला नाही की बाईला, एवढी मोठी टप्प्यांची शर्यत जिंकता आली नव्हती. इथे दोनदा वाचून खात्री केली.

आईने भाजी निवडता निवडता विचारलं, "पगार किती होता गं तिला?"

पुरुष व्यावसायिकांना किमान वेतनाचा नियम आहे. बायकांना तिच्या काळात नव्हता. संघ मध्येच बंद पडतात. हिने 2009मध्ये स्वतःचा संघ काढला, तोही टिकला नाही. आई म्हणाली, "म्हणजे आमच्या बालवाडीसारखंच."

17 जानेवारी

बीजिंगची शर्यत पुन्हा पाहिली. 10 ऑगस्ट 2008. 126 किलोमीटर, शेवट चिनी भिंतीच्या बाजूला, चढावर. पाऊस कोसळतोय. आघाडीवर पाचजणी. शेवटच्या वळणावर कुक एकदम मागे पडते. समालोचक हळहळतो. तिने हलके, पातळ टायर लावले होते. ओल्या रस्त्यावर पकड कमी, म्हणून वळण जपून घेतलं. मग उठून पेडल मारायला लागली. योहानसन मागे, गुडेर्झो मागे.

सप्टेंबरात वरेझेला मारियान वोसला हरवून जागतिक विजेतेपदही. ऑलिम्पिक आणि जागतिक रोड रेस एकाच वर्षी जिंकणं आधी कुणालाच जमलं नव्हतं, पुरुषांनाही नाही.

तीनशे शब्द टायरवरच झालेत. काटायला जिवावर येतंय.

18 जानेवारी, शुक्रवार

सकाळी टीव्हीवर सायकलपटू आर्मस्ट्राँगची डोपिंगची कबुली. मुलाखत घेणारी ओप्रा हो-नाहीत उत्तरं मागते. ईपीओ? हो. रक्त? हो. सातही टूर द फ्रान्स? हो.

ऑफिसात एकाच स्क्रीनपुढे सगळे. मार्केटिंगची माणसंही आली होती. चेहऱ्यावर पश्चात्ताप कितपत आहे यावर चर्चा. मला तो चेहरा बघवेना.

सर: "रविवारचं तुझं अर्धं पान... समजून घे."

19 जानेवारी

रांचीत पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना, धोनीचं गाव, भारत जिंकला. त्यात जाहिरात आली. कुकची आता चौकट. टायर गेले. शाळा गेली. जिरो एका ओळीत.

20 जानेवारी

छापून आलं. वर आर्मस्ट्राँग, अर्ध्या पानाएवढा फोटो. खाली चौकट. हॅमिल्टनबद्दलचं वाक्य वाचलं, पान लावणाऱ्या मुलाने ठळक टाइपात घेतलंय. मी सांगितलं नव्हतं.

21 जानेवारी

दुपारी एका वाचकाचा फोन. सांगलीकडचे, म्हातारे. तरुणपणी मुंबई–पुणे शर्यतीत उतरले होते. चौकट वाचली म्हणाले. "पावसात जिंकली म्हणता, मग टायर कुठले होते तिचे?"

सगळं सांगितलं. कापलेले तीनशे शब्द तोंडीच. ते म्हणाले, आम्ही पावसात सरावाला हवा थोडी कमी ठेवायचो, चाक रस्त्याला धरून राहतं. खोपोलीवरून चढ लागला की कोण कसा मागे पडायचा, ते नावानिशी सांगितलं. घाटाचा राजा व्हायचं राहून गेलं. बराच वेळ बोलले. चहा गार.

24 जानेवारी

महिला विश्वचषक वानखेडेवरून हलवला. रणजीची अंतिम फेरी तिथे आहे. विश्वचषक! डेस्कवर कुणी मान वर केली नाही. रणजीची फायनल म्हणजे मुंबईचं घरचं कार्य, हे मलाही कळतं. तरी.

28 जानेवारी

रणजी तिसऱ्याच दिवशी संपली. मुंबईचं 40वं अजिंक्यपद. वानखेडे मोकळं.

29 जानेवारी

महिला विश्वचषकासाठी ब्रेबॉर्नवर कुणाला पाठवायचं याची चर्चा. कुणी हात वर करेना. मी केला.

31 जानेवारी

ब्रेबॉर्न. भारत वि. वेस्ट इंडीज. स्टँड बरेचसे रिकामे, ऊन मात्र भरपूर. तिरुष कामिनी आणि आपली पूनम राऊत, सलामीलाच 175. पूनम 72वर गेली. कामिनीचं शतक, बरोबर 100. विश्वचषकात शतक करणारी पहिली भारतीय बाई. प्रेसबॉक्समध्ये शेजारच्याने विचारलं, "आडनाव कसं लिहायचं?"

105 धावांनी जिंकलो.

सरांचा फोन. "किती शब्द होतील?"

"आठशे."

"जाहिरात किती आहे बघतो. चारशे धर."

नऊशे पाठवले. आता काटू देत बसून.