अर्धी राहिलेली माशी

माळव्यातील आमच्या मराठी घरांत माशी हाकलायची असते, बांधायची नसते. त्यामुळे आम्ही माशी बांधतो असे सांगितले, की चारचौघांत खुलासा करावा लागतो. गळाभोवती पिसे, केस आणि रेशीम गुंडाळून किड्याचा अथवा लहान मासोळीचा आभास निर्माण करावयाचा; त्या खोट्या जिवास इंग्रज लोक ‘फ्लाय’ म्हणतात. ही विद्या आम्हांस धारच्या नोकरीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दिली. १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिणारे हेन्री सलिव्हन टॉमस हे मद्रास इलाख्यातील सनदी नोकर होते. तेव्हा गळ आणि फाईल यांचे सख्य जुनेच आहे, असे आमचे हे स्नेही हसून म्हणत.

सुटीच्या दिवशी आम्ही दोघे चिखलद्याच्या बाजूस नर्मदेवर जात असू. महसीर क्वचितच लागे. लागला तरी ते त्यास पुन्हा पाण्यात सोडीत. मध्य प्रदेशाने २०११ साली याच माशास राज्यमाशाचा मान दिला. मात्र त्यास विणीसाठी वाहते पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. २०१९ साली सरदार सरोवर १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीस भरले आणि आमचे बसावयाचे खडक पाण्याखाली गेले. आमचे जाणे थांबले. त्यांचे माश्या बांधणे मात्र थांबले नाही.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. देवासहून आम्ही भेटीस गेलो, तेव्हा वहिनींनी एक लाकडी पेटी पुढे ठेवली. आत लहानसा शेगडा, त्यात पकडलेला गळ आणि गळावर अर्धी बांधलेली माशी. “भाऊजी, यांचं एवढंच काम राहिलंय. तुम्हांला येतं, तेवढं पुरं करून द्या,” त्या म्हणाल्या. नाही कसे म्हणावे?

घरी येऊन बसलो आणि पहिल्याच वेढ्याला धागा तुटला. पुन्हा जोडला, पुन्हा तुटला. तुटण्याचेही एवढे नव्हते. पण प्रत्येक वेळी धाग्याचा ताण जाऊन त्यांनी घातलेले दोनतीन वेढे उलगडत. त्यांच्या हातचे जे शिल्लक होते, तेच आमच्या हातून नाहीसे होऊ लागले. आम्ही घाईने चिमटा लावून उरलेले वेढे धरून ठेवले. प्रथम दोष धाग्यास दिला, मग स्वतःच्या बोटांस. पासष्टीनंतर बोटे किंचित थरथरतात, हे कबूल करणे जड जाते. पेटी परत पाठवावी, असेही मनात आले.

आमचे शेजारी इंदूरच्या एका कापडगिरणीत नोकरीस होते. त्यांनी ते रीळ धरण्याचे हत्यार, म्हणजे बॉबिन, हाती घेतले, नळीच्या तोंडावरून नख फिरवले आणि म्हणाले, “साहब, हाथ नहीं, नली काट रही है।” वर्षानुवर्षे धागा घासून पोलादी नळीच्या ओठास बारीक खाच पडली होती. गिरणीत धागा जेथे जेथे वळतो तेथे चिनी मातीची कडी बसवतात, ती याचसाठी, हेही त्यांनीच सांगितले.

मग नव्या बॉबिनचा शोध सुरू झाला. या निमित्ताने जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो. दोन लवचीक दांड्यांमध्ये रीळ बसते आणि धागा नळीतून बाहेर येतो. हात सोडला तरी रिळाच्या वजनाने धागा ताठ राहावा, हे या हत्याराचे खरे काम. दांड्या फार आवळ असतील तर धागा तुटतो. फार सैल असतील तर रीळ आपोआप उलगडत खाली जाते. त्या हाताने किंचित फाकवून अथवा दाबून बेताच्या करता येतात. नळी चिनी मातीची घ्यावी. ती धाग्याने झिजत नाही, मात्र फरशीवर पडल्यास तडकते. धाग्याच्या वेष्टनावरील शून्यांचा हिशोब प्रत्येक कारखान्याचा निराळा, म्हणून डेनिअर पाहावे. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर. बारीक माशीस ७० पुरते, महसिराच्या मोठ्या माशीस १४० बरे. कात्री लहान आणि टोकदार असावी, आणि तिने कागद कधी कापू नये.

नवी बॉबिन आली. जुन्या धाग्याच्या शेपटावर नवा धागा आवळून आम्ही आरंभ केला, म्हणजे त्यांचा एकही वेढा आणखी सुटू नये. अंगणात गळून पडलेल्या मोरपिसाचे हिरवे तंतू गुंडाळले, कोंबड्याचे तपकिरी पीस फिरवले, डोळ्यापाशी गाठ घातली. धागा एकदाही तुटला नाही. बोटे मात्र थरथरतच होती.

माशी घेऊन आम्ही धारला गेलो. वहिनींनी ती तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली. मग विचारले, “यांचं कुठपर्यंत आहे?” दोन्ही धाग्यांचा रंग एकच होता, आम्ही मुद्दाम तसा घेतला होता. तरीही आम्ही सुईचे टोक ठेवून त्यांना ती जागा दाखवली.