'बापरे' विलायतेस गेले, 'माय गॉड' कॅम्पात आले

उल्हासनगरच्या गजानन मार्केटात दुकानदार साडीचा भाव सांगतो. आजी उद्गारते, "अगंबाई!" शेजारी उभी असलेली नात त्याच क्षणी म्हणते, "ओ माय गॉड!" आश्चर्य एकच, आणि तेही बेताचेच, घासाघीस तर अजून व्हायचीच आहे. मग नात हळूच म्हणते, "आजी, असं मोठ्यानं काय ओरडतेस?" स्वतःचा उद्गार मात्र तिला ओरडणे वाटत नाही. ह्या संकोचामागे मोठा इतिहास आहे.

आरंभ इंग्लंडपासून करू. ईश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नये, ही बायबलमधील आज्ञा. 1606 साली तेथील संसदेने कायदाच केला: नाटकात देवाचे नाव थट्टेने उच्चारल्यास 10 पौंड दंड. लोकांनी पळवाटा शोधल्या. 'गॉड' मोडून पुढे 'गॉश' झाले, 'गॉली' झाले. 'माय गुडनेस'मध्ये देवाच्या जागी त्याचा चांगुलपणा बसला. 'बाय जोव्ह' म्हणणारा साहेब तर रोमन ज्युपिटरची शपथ वाहत होता. जुन्या देवाची शपथ घेण्यात पाप कसले! आपल्याकडे असा धाक नव्हता. 'अरे देवा', 'राम राम', 'शिव शिव' ही नावे मराठी माणूस दिवसभर निःशंकपणे घेत आला.

आता उलट प्रवास पाहा. युल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश 1886 साली प्रसिद्ध झाला. त्यात 'बॉबरी-बॉब' अशी एक नोंद आहे. हे दुसरेतिसरे काही नसून आपले 'बापरे बाप'! आश्चर्याने वा दुःखाने बापाला मारलेली हाक साहेबाच्या कानी पडली आणि इंग्रजीत 'बॉबरी' म्हणजे गोंगाट, गडबड असा अर्थ रूढ झाला. आपला उद्गार त्यांना गलका वाटला. नातीचा कान आणि त्या साहेबाचा कान ह्यांत फारसे अंतर नाही, हे म्हणणे कठोर आहे. पण ते टाळता येत नाही.

तरीही दोष एकट्या नातीचा नव्हे. ती राहते ते शहरच मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधील निर्वासित येथे वसले, 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली, उल्हासनगर हे नाव मिळाले. सैन्य गेले, पत्ता मात्र आजही 'कॅम्प नंबर 3' असाच सांगितला जातो. जेथे घराचा पत्ताच इंग्रजी, तेथे उद्गाराचे काय?

व्याकरणात 'अबब', 'अरेच्चा', 'बापरे' हे सारे केवलप्रयोगी अव्यय. वाक्याशी त्यांचे नाते नाही, असे शाळेत शिकवतात. माणसांशी मात्र आहे. 'अगंबाई' म्हणायला समोर कुणी 'बाई' कल्पावी लागते, 'बापरे' म्हणायला बाप. 'वॉव'ला कुणीच लागत नाही. वर्गात 'अगंबाई' म्हणणारी मुलगी गावंढळ ठरते आणि ती पहिल्यांदा टाकते तो हाच शब्द. 'टेबल' वा 'स्टेशन' घेताना असे काही सोडावे लागले नव्हते.

खरेदी आटोपून दोघी विठ्ठलवाडी स्थानकात येतात. लोकलच्या गर्दीत धक्का लागून नातीच्या हातून मोबाइल निसटतो.

"आई गं!"

आजी वाकून तो उचलते आणि काहीच बोलत नाही.