शहाळं

बऱ्याच दिवसांत निवांत लिहायला बसलो नव्हतो. तुमचे फोन येतात, "वहिनी कशी आहे?" मी दर वेळी "मजेत! हसतेय" एवढंच सांगतो. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. म्हणून आज जरा सविस्तर.

२०१९च्या दिवाळीआधी हिच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सहाला आमची स्कूटर निघते. दर वेळी चार तास डायलिसिस. मार्च २०२०मध्ये सगळं पुणं घरात बसलं होतं, तेव्हाही आम्ही नाक्यानाक्यावर पोलिसांना फाइल दाखवत जात होतो. हिने एकही दिवस चुकवला नाही. माझी किडनी द्यायला निघालो, तर तपासणीत माझाच मधुमेह आडवा आला. आता प्रतीक्षायादीत नाव आहे.

डॉक्टरांनी हिला दिवसाला आठशे मिली पाणी ठरवून दिलंय. चहा, आमटी, ताक सगळं त्यातच. ही सकाळीच तेवढं पाणी बाटलीत भरून ठेवते. कपभर चहा घेतला, की बाटलीतलं कपभर पाणी तुळशीला. तुळशीची चंगळ आहे! पोटॅशियम वाढलं तर हृदयाला धोका, म्हणून भाजी उकळून पाणी फेकायचं. केळं बंद, टोमॅटो बंद, शहाळं तर अजिबात नाही. आणि गंमत बघा, भेटायला येणारा प्रत्येक जण हमखास शहाळंच घेऊन येतो. ही हसून घेते. पाहुणे गेले, की ते वॉचमनकाकांना. "त्यांना कशाला वाईट वाटू द्यायचं?" म्हणते.

मागे सेंटरवर एक नवा मुलगा आला होता. जेमतेम बावीस-तेवीसचा. सुया बघूनच रडवेला झाला होता. हिने त्याला जवळ बोलावून आपला डावा हात पुढे केला. फिस्चुला म्हणजे धमनी आणि शीर जोडतात ती जागा. तिथे रक्त इतक्या जोरात धावतं, की बोटाला थरथर लागते. "हात लाव. मांजर घुरघुरतंय की नाही?" मुलगा चक्क हसला. त्याच्या आईने हिचे हात धरले. "ताई, तुमच्याकडे बघून धीर येतो."

मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! घरी येईपर्यंत तेच बोलत होतो. ही गप्पच होती.

रात्री स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून गेलो, तर ओट्याला टेकून रडत होती. मी नेहमीसारखं "अगं, तू एवढी धीराची..." सुरू केलं. तिने मध्येच तोडलं. "तेच नको ना हो. सगळ्यांना माझ्याकडे बघून धीर येतो. मी कुणाकडे बघू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर मीही इतकी वर्षं तिच्याकडेच बघून धीर घेत होतो.

बाटलीत तळाशी थोडं पाणी उरलं होतं. त्याचा चहा केला, जेमतेम अर्धा कप. तो तिने घोट घोट करत पुरवून प्यायला आणि रडायचं तेवढं रडून घेतलं. मी नुसता शेजारी बसलो. "शहाणा झालात," म्हणाली.

बुधवारी सहाला स्कूटर निघालीच.

तेव्हा मंडळी, घरी जरूर या. फक्त शहाळं आणू नका, आणि तिला "तू किती खंबीर आहेस" असंही म्हणू नका. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, ते सांगा. तिला हवंय ते तेवढंच.